दोरीला बांधलेली वही

सातवी 'ब'च्या दाराबाहेर, जिथे आधी घंटा होती
त्या खिळ्याला मी एक वही टांगली.
लेजरच्या आकाराची, जाड पुठ्ठ्याची,
रे रोडच्या एका बंद पडलेल्या कचेरीतून
शिपाई केरकरांनी रद्दीच्या भावात आणलेली.
पहिल्या अकरा पानांवर कुणाचीतरी जमा, कुणाचीतरी नावे.
पेन सुतळीला.
पेन तीनदा चोरीला गेलं, सुतळी एकदा.

नियम दोनच.
वाटेल ते लिहायचं, खाली नाव घालायचं.
वाचेल त्याने एक ओळ ठेवून जायचं.
तिसरा माझा मलाच: लाल पेन कपाटात.

पहिले दहा दिवस
'झाडे आपले मित्र', 'माझी शाळा सुंदर शाळा'.
शाळेत झाड एकच, तेही पाण्याच्या पंपाला टेकलेलं.
खाली एकही ओळ नाही.
झाड मित्र आहे म्हटल्यावर
वाचणाऱ्याने बोलायचं तरी काय?

मग लहू भोईटे.
'माझे पप्पा दारूखान्यात जाहाज कापतात.
जाहाजाच्या पोटात पलंग आसतात.
काल येका पलंगाखाली चप्पल मीळाली. येकच.'

जाहाज. आसतात. येका. मीळाली.
मी कपाटापर्यंत गेले.
चावी सापडली नाही, बरं झालं.

दुसऱ्या दिवशी खाली सात ओळी.
'कोणत्या देशाची?'
'डावी का उजवी?'
'मीळाली म्हणजे काय? परवेझ.'
आणि खिचडी वाटणाऱ्या शेवंताबाईंनी,
काड्या मोडून रचाव्यात तशी अक्षरं रचत:
'नंबर किती होता.'

निबंधात पाच ओळींवर सहावी न देणारा लहू
दीड पान लिहून गेला.
त्यात 'मिळाली' तीनदा, तिन्ही वेळा पहिली वेलांटी.
डावी का उजवी, ते मात्र राहिलं.

भूगोलाच्या तासाला मी भरती-ओहोटी घेतली:
चंद्र, सूर्य, बाण, आकृती, गुण तीन.
सकाळी वहीत जागृती तांडेल, शिवडी कोळीवाडा:
'बाईंनी बरोबर शिकवलं
पण त्यावर होडी काढता येणार नाही.
माझी आत्या तिथीची पाऊणपट करते.
आज चतुर्थी. चार पाऊणे तीन.
तीनला पाणी भरणार.
खोटं वाटेल त्याने जाऊन बघावं.'

चौघे गेले. मी गैरहजेरी मांडली,
चिखलाचे आठ पाय परत आल्यावर खोडली.
त्यांनी लिहिलं: 'तीन वाजून दहा मिनिटं.
आत्याचं घड्याळ पुढे आहे.'

पाऊणकीचा पाढा मला कुणी शिकवलाच नव्हता.
त्या पानाच्या तळाशी मी माझी पहिली ओळ घातली:
'आठ पाऊणे किती?'
'सहा,' जागृतीचं उत्तर.
'पण बाई, तुमचं नाव घालायचं राहिलं.'

केंद्रप्रमुख आले. उभ्यानेच चार पानं चाळली.
'एवढ्या चुका, आणि एकही दुरुस्ती नाही?'
मी म्हटलं, सर, वाचलंत,
आता एक ओळ लिहावी लागेल.
त्यांनी तारीख घालून सही केली.
खाली कुणीतरी विचारलंय: 'पुढे?'

एका शनिवारी फाटकाशी लहूचे वडील.
लहूने वही सोडवून नेली,
चपलेचं ते पान त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.
ते ऐकत राहिले,
ऐकलेलं खोटं नाही ना, अशा चेहऱ्याने.
नियम म्हणजे नियम, परवेझ म्हणाला.
त्यांनी पेन घेतलं नाही.
लोखंडावर कापायच्या खुणा करतात
तो खडू खिशातून काढला,
पानावर काहीतरी रेखलं
आणि ड्यूटीवर गेले.

सोमवारपर्यंत अर्धा खडू उडाला होता.
उरलेल्या रेषेवर मुलांनी शाई फिरवली,
ज्याने त्याने आपापली.
परवेझ म्हणतो जहाज आहे.
जागृती म्हणते होडी, आणि उलटी काढलीय.
शेवंताबाई म्हणतात, अगं, चप्पल ती.

मी पान खिडकीशी नेऊन तिरकं धरते.
चप्पलच असावी.
डावी का उजवी, ते कळत नाही.